उलट्या पानांचा लोखंड्या

जिजी,

तुम्ही गेलात त्याला आज चौदा दिवस झाले. तेराव्याला आलेली माणसं आपापल्या गावी परतली, मोठी पातेली घासून माळ्यावर चढली आणि आज दुपारी पहिल्यांदाच घर रिकामं झालं. तेव्हा मी मधल्या खोलीत गेले आणि कापसाच्या ढिगावर चढून बसले. खिडकीकडची जागा तुमची, भिंतीकडची माझी. मी माझ्याच जागी बसले. तुमच्या बाजूला अजून खळगा दिसतो. फुललेला कापूस खरं तर माणूस उठलं की हळूहळू वर येतो, आणि तुम्ही तिथे बसलात त्यालाही महिना होत आला. तरी मला तो दिसला. दुपारच्या उजेडात तंतू तरंगत होते, आणि बराच वेळ मी कुठे आहे हेच मला कळत नव्हतं.

तुमच्याबद्दल बाहेर बरंच बोलून झालं. माहेर कुठलं, दमा केव्हापासून, शेवटचं पाणी कोणी पाजलं. ते सगळ्यांना पाठ आहे. मला लोखंड्याबद्दल बोलायचं आहे, आणि अख्ख्या प्रकाशा गावात त्याची ओळख आपल्या दोघींशिवाय कोणाला नाही. तेव्हा तुम्हालाच ऐकावं लागेल.

माझी रेवा आठ महिन्यांची होऊन गेली तो उन्हाळा मला धड आठवत नाही. ताप दोन दिवसांचा, बस. त्यानंतर मी बोलेनाशी झाले. स्वयंपाक करत होते, गाईला पाणी दाखवत होते, कोणी विचारलं तर हो-नाही करत होते, पण मी तिथे नव्हते. थोरली जाऊ म्हणून तुम्ही मला चार शब्द सुनावायला हवे होते, रीतच होती तशी. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला तेव्हा वाटलं, यांना काय कळणार.

कार्तिकात वसंताचं पार्सल आलं. माझा धाकटा भाऊ, परदेशी शिकायला गेलेला. त्याने माझ्यासाठी दोन चिनीमातीचे कप पाठवले होते आणि ते फुटू नयेत म्हणून खोक्यात रंगीत कागदांचे बोळे कोंबले होते. कप पाहून मी ते बाजूला ठेवले. तुम्ही मात्र एक बोळा उलगडलात, गुडघ्यावर ठेवून तळव्याने सरळ केलात आणि म्हणालात, "हाऊ कोन शे वं?"

लाल रंगाचा, चौकोनी डोक्याचा, पत्र्याच्या अंगाचा एक माणूस होता तो. डोळ्यांच्या जागी दोन दिवे. बाजूला सात-आठ वर्षांची एक मुलगी.

"माणूस नाही तो, यंत्र आहे," मी म्हणाले. मला आठवतं, कित्येक दिवसांत मी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

"यंत्रले डोया कसाले?"

मी वसंताचं पत्र काढलं. त्यात लिहिलं होतं, की ज्या घरात तो भाड्याने राहतो तिथल्या मुलांकडे टेलिव्हिजन आहे, म्हणजे काच बसवलेला रेडिओ म्हण, आणि त्या काचेत हा यंत्रमानव दर आठवड्याला चालतो-बोलतो. खरा नाही, हाताने काढलेली चित्रं भराभर पुढे सरकवतात म्हणून चालल्यासारखा दिसतो. मुलांना तो इतका आवडला, की कंपनीने त्या कार्यक्रमावरून ही चित्रांची पुस्तकंही काढली. मुलांनी फाडून टाकलेलं एक पुस्तक त्याने कपांभोवती लावलं होतं.

तुम्ही सगळे बोळे गोळा केलेत. लोट्यात निखारे घालून एकेका पानावर इस्त्री फिरवलीत. मला म्हणालात, चिमटा धर. मी धरला. संध्याकाळपर्यंत आपण तेवढंच करत बसलो, आणि चुलीवरचं वरण लागलं तर सासूबाईंचं बोलणं तुम्ही एकटीने अंगावर घेतलंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही ती पानं कापसाच्या ढिगावर मांडलीत. कापूस वेचून घरात आला, की होळीपर्यंत ती खोली आपलीच. पुरुष शेतात, सासूबाई आडव्या झालेल्या, आणि आपण दोघी कमरेपर्यंत कापसात. तुम्ही एक पान उचलायचात, दुसऱ्याशेजारी लावून बघायचात, मान हलवायचात, परत उचलायचात. गोधडीला तुकडे जुळवताना करता तसंच. शेवटी क्रम लागला. दाभण आणि सुतळी घेऊन तुम्ही पाठ शिवलीत, वर जुन्या लुगड्याचं तांबडं फडकं लावलंत आणि पुस्तक माझ्या हातात दिलंत.

"तू वाच. मी देखस."

मी पहिलं पान उघडलं आणि थबकले. ते शेवटचं होतं. खालच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी आकडा होता, बत्तीस. त्यामागे एकतीस, मग तीस. तुम्ही सगळं पुस्तक उलटं शिवलं होतं.

खरी गोष्ट अशी होती. कारखान्यात तो यंत्रमानव, आपला लोखंड्या, घडतो, त्याच्या डोळ्यांत दिवे लागतात. मग त्याला समुद्रकाठच्या दीपगृहात कामाला पाठवतात. तिथल्या रखवालदाराच्या मुलीशी त्याची गट्टी जमते. एकदा वादळात दीपगृहाचा दिवा विझतो, समोरून जहाज येत असतं, आणि लोखंड्या कंदील हातात धरून गळ्याइतक्या पाण्यात उभा राहतो. जहाज वाचतं. त्याच्या अंगात पाणी शिरतं. शेवटच्या पानावर तो वाळूत बसलेला आहे, डोळे काळे पडलेले, आणि त्या मुलीने आपला रुमाल त्याच्या गळ्यात बांधला आहे. संपलं.

तुमच्या पुस्तकात तो आधीच वाळूत बसलेला होता. मुलगी त्याला शोधून काढते, रुमाल बांधते. मग पाणी, वादळ, मग दीपगृहाच्या जिन्यावर दोघांची मस्ती, आणि सगळ्यात शेवटी कारखाना. पाच-सहा माणसांचे हात त्याच्याभोवती, आणि शेवटच्या चौकटीत त्याच्या डोळ्यांत दिवे.

मी वर पाहिलं. तुम्ही सुतळीचं टोक दातांनी तोडत होता. मनात म्हटलं, हिला काय वाचता येतंय, कशाला हिरमोड करा. आणि तुम्ही ज्या क्रमाने शिवलं होतं त्याच क्रमाने मी वाचायला लागले. चित्रांतल्या तोंडांपुढच्या फुग्यांतली इंग्रजी वाक्यं खरी ठेवली असती तर गोष्ट जुळली नसती, म्हणून मी ती मनाने बदलली. "निरोप घेतो" असं असेल तिथे "आलो मी" म्हटलं. मॅट्रिकला मला इंग्रजीत चांगले गुण होते, जिजी, पण इतकं इंग्रजी मी आयुष्यात कधी वापरलं नव्हतं.

शेवटचं पान आलं तेव्हा तुम्ही बोट ठेवून म्हणालात, "देख. तेन्हा डोया उघडी गयात."

आणि मी रडले. रेवा गेल्यापासून पहिल्यांदा. त्या कापसात तोंड खुपसून इतकी रडले, की तंतू नाकातोंडात गेले आणि वर ठसका लागला. तुम्ही पाठीवर हात फिरवत राहिलात आणि दुसऱ्या हाताने माझ्या केसांतला कापूस वेचत राहिलात.

त्यानंतर चार हिवाळे आपण ते पुस्तक वाचलं. वाचलं कसलं, त्यावर भांडलो. वसंताने कधीतरी लिहिलं, की टेलिव्हिजनवर रंग नसतो, सगळं काळं-पांढरं. झालं, तुम्ही ते धरून बसलात. "मंग याले लाल रंग कोनी दिन्हा?" मी म्हटलं, पुस्तक छापणाऱ्यांनी. "तेसले कसं म्हाईत, तो लालच शे म्हणून?" मी म्हटलं, नसेल माहीत, आवडला असेल लाल. तुम्ही समाधानाने मान हलवलीत, जणू त्या छापणाऱ्यांशी तुमचं जुनं नातं निघालं. मला मात्र ते पटलं नाही. मूळचा रंग ठाऊक नसताना द्यावाच का? मूळ ते मूळ. या एका मुद्द्यावर आपला अख्खा पौष गेला.

दुसरं भांडण चौकटींचं. एका चौकटीत लोखंड्या जिन्याच्या तळाशी, पुढच्या चौकटीत एकदम वर. "मधमा काय व्हयनं?" तुम्ही विचारायचात. काही नाही, चढला. "चढना ते दिसस. पन मधमा?" मग तुम्हीच सांगायचात. मधे तो एका पायरीवर बसला, त्याचा गुडघा करकरत होता, पोरीने चुलीवरचं तेल आणून घातलं. तो जेवत नाही म्हणून पोर रुसली, तर त्याने खोटं-खोटं भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेला. दोन चौकटींमधली ती करंगळीएवढी पांढरी पट्टी, तिच्यात तुम्ही किती काय काय घुसवलंत! मी हसायचे, चिडवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुढे काय झालं ते मीच आधी विचारायचे. त्या पोरीला मात्र तुम्ही कधी नाव दिलं नाहीत. पोर म्हणायचात नुसतं.

आणि एकदा तुम्ही तो चालताना पाहिलात. खिडकीच्या गजांतून ऊन येत होतं, तुम्ही पान उजेडासमोर धरून हळूहळू हलवत होता आणि एकदम म्हणालात, "चाली ऱ्हायना! देख, चाली ऱ्हायना!" मी तुमच्या खांद्याला खांदा लावून बघितलं. गजांच्या सावल्या त्याच्या पायांवरून सरकत होत्या. उजवा, डावा, उजवा. तापीवरून वारा आला, कापसाचा एक पापुद्रा उडून त्याच्या डोक्यावर बसला, आणि तो खरंच चालत होता, जिजी. आपण किती वेळ पाहत होतो कोण जाणे. गोठ्यात वासरू हंबरलं तेव्हा भानावर आलो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. इथवर मी टाळत आले.

यंदा मार्गशीर्षात वसंताने दुसरं पुस्तक पाठवलं. नवंकोरं, तारेच्या टाचण्या मारलेलं. तुम्ही ते हातात घेऊन उलटंपालटं केलंत आणि तोंड वाकडं केलंत. "पहिलेच शिवेल शे. आपुन काय करानं?" मला हसू आलं. आणि हसता हसता, इतक्या वर्षांत न सांगितलेलं ते मी सांगून टाकलं. म्हटलं, "जिजी, हे एक तरी सरळ वाचू. ते जुनं तुम्ही उलटं शिवलंय. मी चार वर्षं तुम्हाला खोटं वाचून दाखवतेय."

तुम्ही नव्या पुस्तकाची पानं चाळत होता. वरही पाहिलं नाहीत. "माले म्हाईत शे."

"काय माहीत आहे?"

"आकडा शे ना खाले. मन्हा बाप जिनमा मुकादम व्हता. गाठीवरना आकडा माले तुन्हा आधीपासून येतस."

नंदुरबारच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या गाठींवर इंग्रजी आकडे रंगवतात. लहानपणी तुम्ही तिथे बापाची भाकरी घेऊन जायचात आणि गाठी मोजायचात. ते तुम्ही मला दहा वेळा सांगितलं होतं. माझ्याच डोक्यात दोन गोष्टी कधी एकत्र आल्या नाहीत. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, म्हणून मी धरून चालले की आकडाही येत नसणार.

मी विचारलं, "मग उलटं का शिवलंत?"

तुम्ही म्हणालात, "तू रडे बी नही, बोले बी नही. मरेल लोखंड्या तुन्हा पुढे ठेवानी माले हिंमत व्हयनी नही."

आता वाटतं, त्याच क्षणी तुमच्या पाया पडायला हवं होतं. पण मला राग आला. का आला, ते आज नीट सांगता येतं. चार वर्षं मी समजत होते की मी तुम्हाला सांभाळते आहे, आणि निघालं भलतंच. माझ्या मॅट्रिकचा, माझ्या शहाणपणाचा चेंदामेंदा झाला. मला लहान पोरीसारखं गोड बोलून फसवलं असं वाटलं, माझ्या रेवाच्या नावाने. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "तुम्हाला एखादं मूल झालं असतं ना, तर कळलं असतं. पानं उलटी लावून काही परत येत नसतं."

तुम्ही पुस्तक मिटलंत. ढिगावरून उतरलात, लुगड्याचा कापूस झटकलात आणि चुलीकडे गेलात.

त्यानंतर आपण बोलत होतो. मीठ कुठे आहे, दूध उतू गेलं का, गुरांना पेंड घातली का. तुम्ही कुठलाही राग धरला नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. मी रोज ठरवायचे, आज दुपारी खोलीत बोलावेन आणि सांगेन. रोज काहीतरी काम निघायचं. काम निघायचं कसलं, मी काढायचे. मग थंडी वाढली, तुमचा दमा वाढला. दादांनी, तुमच्या मालकांनी, तुम्हाला बैलगाडीतून डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी गाडीत गोधडी अंथरली, उशी नीट केली. तुम्ही म्हणालात, "बस, व्हई गयं." उशीबद्दलच म्हणालात. मी उशीबद्दलच ऐकलं. तेव्हाही बोलले नाही.

तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी वसंताचं पत्र आलं. भांडणाच्या आधी तुम्ही मला विचारायला लावलं होतंत ना, काचेतल्या कार्यक्रमात लोखंड्याचं शेवटी काय होतं? त्याने मुलांना विचारून कळवलंय. काहीच होत नाही, म्हणे. तिथे शेवटच नाही. एका आठवड्यात तो मोडतो, दुसऱ्या आठवड्यात धडधाकट हजर, आणि कोणी विचारतही नाही की दुरुस्त कोणी केला. वाळूत बसण्याचं ते पान पुस्तकवाल्यांच्या पदरचं. पुस्तकाला पानं मोजकी, कुठेतरी संपवायला हवं, म्हणून त्यांनी तिथे संपवलं.

म्हणजे मी ज्या मुळासाठी पौषभर भांडले, ज्याच्या जोरावर तुम्हाला तसं बोलले, ते मूळ नव्हतंच. त्यांनी त्यांच्या सोयीने लावलं, तुम्ही माझ्या दुःखाच्या सोयीने लावलंत. पत्र हातात घेऊन मी तुमच्या खाटेपर्यंत गेले. वाचून दाखवायला. खाट उभी करून भिंतीला लावलेली होती, तेव्हा आठवलं.

जिजी, मी चुकले. ते वाक्य मी परत घेते. ऐकायला तुम्ही नाही, तरी घेते.

आणि एक गोष्ट मला या दिवसांत हळूहळू दिसायला लागली. रेवाला रोज न्हाऊ घालायचं कोणी? मला तिची मान सांभाळता यायची नाही. तुम्ही पाय लांब करून नडग्यांवर तिला पालथी घालायचात, कोमट पाणी ओतायचात, आणि ती किंचाळली की तिच्याहून मोठ्याने गाणं म्हणायचात. टाळूला तेल तुम्ही घालायचात. दात येताना ती तुमचं बोट चावायची, माझं नाही. दुपारी ती तुमच्या कुशीत झोपायची म्हणून मला झोप मिळायची. शेवटच्या दिवशीही ती तुमच्या मांडीवर होती. मी दाराशी उभी होते.

ती गेल्यावर सगळं गाव माझ्याजवळ बसायला आलं. तुमच्याजवळ कोणी बसलं नाही. मीही नाही. तुम्ही सगळ्यांना चहा करून देत होता. पाच वर्षं होत आली, जिजी, आणि मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही, की तुम्हाला कसं वाटतं. पानं तुम्ही माझ्यासाठी उलटी लावलीत असं म्हणालात. ते खरं असेल. पण त्या शेवटच्या चौकटीवर तुमचं बोट किती वेळ टेकलेलं असायचं, ते मी रोज पाहत होते आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी कोरीट गावच्या बाया दारावर आल्या. लांबच्या नात्यातल्या, तुम्हाला फार न ओळखणाऱ्या. बसल्या, पदर डोळ्यांना लावले, रीतीप्रमाणे थोडं रडल्या. मग त्यातल्या एकीने सासूबाईंना हळूच विचारलं, "जिजीले पोरगा-पोरगी काही व्हतं का?"

सासूबाईंनी मान हलवली. "नही. काहीच नही."

मी आत चहा गाळत होते. गाळणी तशीच ठेवली आणि उंबऱ्यात आले. सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या.

"होती," मी म्हणाले. "एक मुलगी होती त्यांना. रेवा नाव. आठ महिन्यांची होऊन गेली."